साडेआठ महिने झाले तरी रांगत नाही? पहिल्या वर्षातल्या हालचालींबद्दल जरा सविस्तर

ताई, तुमचा प्रश्न वाचला. मुलगी साडेआठ महिन्यांची, पस्तिसाव्या आठवड्यात झालेली, बसवलं की छान बसते पण रांगायचं नाव नाही, पोटावर ठेवली की रडते, शेजारचं त्याच महिन्यात झालेलं बाळ सोफा धरून उभं राहायला लागलंय, सासूबाई म्हणतायत वॉकर आणा पायात जोर येईल, आणि तुम्ही रात्री मोबाईलवर चार्ट बघून बघून झोप घालवून बसलाय. मी लहान मुलांची फिजिओ आहे, बरीच वर्षं हेच काम करतेय, आणि हा प्रश्न ओपीडीत थोड्याफार फरकाने रोजचाच आहे, म्हणून एकदा सगळंच लिहून टाकते. लांबेल, पण तुकड्या-तुकड्यात सांगितलं की अर्धंच लक्षात राहतं आणि मग वॉकर घरी येतोच.

आधी वयाचा हिशोब करू. पूर्ण दिवस म्हणजे 40 आठवडे, तुमची मुलगी 5 आठवडे आधी आली. साडेआठ महिने म्हणजे साधारण 37 आठवडे, त्यातून 5 गेले की उरतात 32, म्हणजे हालचालींच्या बाबतीत ती आज सव्वासात महिन्यांच्या आसपास आहे. याला करेक्टेड एज म्हणतात आणि दोन वर्षांची होईपर्यंत विकास बघताना हेच वय धरायचं. लसी मात्र जन्मतारखेप्रमाणेच द्यायच्या, आणि गोंधळ नेमका इथेच होतो, लसीच्या कार्डावरचं वय सगळीकडे लागू असं घरच्यांना वाटतं. शेजारचं बाळ पूर्ण दिवसांचं असेल तर तुम्ही सव्वासात महिन्यांच्या मुलीची तुलना साडेआठ महिन्यांच्या मुलाशी करताय. या वयात सव्वा महिना म्हणजे फार मोठा फरक, बसणं आणि उभं राहणं यातला फरक.

आता चार्ट. जागतिक आरोग्य संघटनेने 2006 साली जे आकडे दिले ते मला सगळ्यात कामाचे वाटतात कारण त्यात पाच देशांतली मुलं होती, घाना, नॉर्वे, ओमान, अमेरिका आणि आपली दक्षिण दिल्लीतली, आणि त्यांनी एकच तारीख न देता खिडकी दिली, म्हणजे निरोगी मुलं कुठल्या वयापासून कुठल्या वयापर्यंत ती गोष्ट करायला लागली. आधाराशिवाय बसणं 3.8 ते 9.2 महिने. हात-गुडघ्यावर रांगणं 5.2 ते 13.5. धरून उभं राहणं 4.8 ते 11.4. एकट्याने चालणं 8.2 ते 17.6. परत एकदा वाचा, चालण्याच्या खिडकीत नऊ महिन्यांहून जास्त अंतर आहे आणि दोन्ही टोकांची मुलं नॉर्मल आहेत. मोबाईलवर जे रंगीत चौकोन दिसतात, "सहावा महिना : बसणे, आठवा महिना : रांगणे", ते सरासरीचे आकडे असतात, आणि सरासरी म्हटल्यावर बरीच मुलं तिच्या मागे असणारच ना, सगळीच पुढे कशी असतील. आणखी एक, याच अभ्यासात 4.3 टक्के मुलं हात-गुडघ्यावर रांगलीच नाहीत, डायरेक्ट पुढच्या पायरीला गेली.

म्हणून मी आईवडिलांना कधी जमलं हे शेवटी विचारते, आधी बघते की कसं हलतं, दोन्ही बाजू सारख्या चालतात का, आणि दिवसभरात त्याला हलायला जागा किती मिळते. हा शेवटचा प्रश्न लोकांना विचित्र वाटतो. बाळाला जागा म्हणजे काय, वन बीएचके असला तरी बाळाला पुरेल की! पण खरं सांगू का, आजकालची बरीच बाळं दिवसभर कुणाच्या तरी हातात, नाहीतर झोळीत, बाऊन्सरमध्ये, कार सीटमध्ये, उशांच्या मधे, आणि जमिनीवर किती वेळ असं विचारलं की आई आणि आजी एकमेकींकडे बघतात.

हे जागेचं का महत्त्वाचं ते एका प्रयोगावरून सांगते, मला तो फार आवडतो. नवजात बाळाला काखेत धरून तळपाय जमिनीला टेकवले तर ते पावलं टाकल्यासारखं करतं, तुम्ही पाहिलं असेल, आणि दोन महिन्यांच्या आसपास हे बंद होतं. पूर्वी सगळे मानायचे की मेंदू मोठा होतो आणि जुनी प्रतिक्षिप्त क्रिया दाबून टाकतो, एकूणच अमेरिकेत येल विद्यापीठात आर्नल्ड गेझेल वगैरे मंडळींनी 1930 च्या आसपास जी मांडणी केली होती ती अशीच, की मेंदूत एक घड्याळ आहे आणि त्याप्रमाणे एकेक हालचाल उमलते. 1980 च्या दशकात एस्थर थेलन या बाईंनी साधा प्रश्न विचारला, की हीच बाळं पाठीवर झोपून तशाच्या तशा लाथा मारतात मग उभं धरल्यावरच का थांबतात? त्यांनी बाळांना छातीपर्यंत कोमट पाण्यात धरलं, तर गायब झालेली पावलं परत आली! उलट अजून पावलं टाकणाऱ्या बाळांच्या पायांना छोटी वजनं बांधली तर पावलं कमी झाली. म्हणजे मेंदूने काही दाबलं नव्हतं, दोन महिन्यांत बाळाने बाळसं धरलं, मांड्यांवर चरबी चढली, आणि ते वजन उचलायला स्नायू कमी पडले, इतकंच. तेव्हापासून आमच्या क्षेत्रात विचार बदलला की हालचाल एकट्या मेंदूतून येत नाही, बाळाचं वजन, स्नायूंची ताकद, खालची जमीन, समोरचं खेळणं आणि किती वेळा करून बघायला मिळालं, हे सगळं मिळून ती बनते. मेंदू महत्त्वाचा नाही असं अजिबात नाही, त्यावर खाली येतेच.

आता सुरुवातीपासून येऊ. नवजात बाळाचं डोकं शरीराच्या लांबीच्या जवळजवळ चौथा हिस्सा असतं, एवढं जड डोकं सांभाळणं हेच पहिलं काम. पालथं असताना पहिल्या महिन्यात फक्त नाक मोकळं करण्यापुरती मान वळते, दुसऱ्या महिन्यात क्षणभर उचलते, तिसऱ्या-चौथ्यात कोपरांवर भार देऊन छाती उचलून इकडेतिकडे बघतं. हात धरून उठवताना मान मागे लटकणं चार-पाच महिन्यांपर्यंत थांबायला हवं. मान धरली म्हणतो आपण ते हेच, आणि पुढचं सगळं याच्यावर उभं आहे.

इथे आपल्या जुन्या पद्धतीला मी मार्क देते. पारंपरिक आंघोळीत बाई पाय लांब करून बसते आणि बाळाला पायांवर आधी उताणं मग पालथं घेते. ते पालथं असतानाचं पाठीला तेल चोळणं, पाणी घालणं, तेवढा वेळ बाळ डोकं उचलायची धडपड करत असतं आणि आजीचे पाय छातीखाली उतारासारखे असल्याने ते सोपंही जातं. आज परदेशातून आलेला टमी टाईम म्हणून जे शिकवतात ते आपल्याकडे रोजच्या आंघोळीत होतं. टबातल्या आंघोळीत हे निघून गेलं. टब वाईट नाही हो, फक्त मग ती वेळ दुसरीकडून भरून काढायला लागते.

टमी टाईमची एवढी गरज का पडली तेही सांगते. अचानक होणारे बालमृत्यू टाळायला 1994 पासून अमेरिकेत बाळांना पाठीवरच झोपवा अशी मोठी मोहीम झाली आणि असे मृत्यू साधारण निम्म्यावर आले, म्हणून झोप पाठीवरच, यात वाद नाही, तुमची आजेसासू काहीही म्हणो. पण मग मुलं जागेपणीही पाठीवरच राहायला लागली. पोटावर झोपणारी आणि पाठीवर झोपणारी मुलं यांची तुलना झाली तेव्हा पाठीवरची मुलं पालथी पडणं, रांगणं थोडं उशिरा करत होती, चालणं मात्र दोघांचं सारख्याच वयात. म्हणजे घाबरायचं कारण नाही, फक्त जागं असताना, कुणीतरी समोर असताना, पोटावर वेळ द्यायचा. पाठीवर राहून डोकं मागून चपटं होतं त्याला मोहरीची उशी विकतात, ती घेऊ नका, पहिल्या वर्षी झोपताना उशी कुठलीच नको, कूस आणि मानेची दिशा बदलत राहिलं, पोटावर वेळ दिला की बहुतेकांचं सुधारतं. एकाच बाजूला मान वळत असेल, दुसरीकडे वळवली की अडतेय असं वाटत असेल तर मात्र दाखवून घ्या, मानेचा एक स्नायू आखडलेला असू शकतो आणि लवकर आलात तर व्यायामाने छान सुटतो.

तीन ते पाच महिने हातांचे. आधी बाळाची मान उजवीकडे वळली की उजवा हात सरळ होतो आणि डावा वाकतो, तलवारबाजाच्या पवित्र्यासारखं, ही प्रतिक्षिप्त क्रिया आहे. ती चार ते सहा महिन्यांत विरते, आणि मग दोन्ही हात मधोमध येतात, एकमेकांना पकडतात, तोंडात जातात, पायाचे अंगठेही तोंडात जातात. हात तोंडात घालतंय म्हणून हातमोजे घालणाऱ्या आया येतात, कृपा करून काढा ते, बाळ स्वतःच्या हातांची ओळख करून घेतंय. याच सुमारास मुठी सुटायला पाहिजेत. चार-पाच महिन्यांत समोरची वस्तू धरायला हात जातो, सहा महिन्यांत या हातातून त्या हातात, नऊ-दहा महिन्यांत अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत चुरमुऱ्याचा दाणा पकडला जातो, आणि तेव्हापासून जमिनीवरचं काहीही पोटात जाऊ शकतं हे धरून चाला. चुरमुरा आपला उदाहरणापुरता, शेंगदाणे, फुटाणे खाली पडलेले नकोत, घशात अडकतात.

पालथं पडणं या सगळ्यानंतर. चार-पाच ते सहा महिन्यांत कुशीवर, मग पालथं, मग परत उताणं, कुठलं आधी याला नियम नाही. पण दिवाणावर मधोमध ठेवून दोन बाजूंना लोड लावून स्वयंपाकघरात जाणं तिसऱ्या महिन्यापासूनच बंद करा, पहिल्यांदा पालथं पडताना बाळ सांगून पडत नाही.

बसणं. आधी पुढे वाकून दोन्ही हात जमिनीला टेकवून बेडकासारखं, मग हात सुटतात, मग बसल्या बसल्या बाजूला वळून खेळणं उचलता येतं. तुम्ही लिहिलंय बसवलं की बसते, सव्वासात महिन्यांना अगदी योग्य. पण पुढचा मुद्दा नीट वाचा कारण तुमच्या मुलीचं रांगणं बहुतेक इथेच अडलंय. बसवलेलं बाळ आणि बसलेलं बाळ यात फरक असतो. आपण तिला मधोमध बसवतो, भोवती उशा लावतो, आणि सगळी खेळणी मांडीसमोर ओततो. तिला हलायचं कारणच काय उरलं? सगळं हाताशी आहे, पडायची भीती आहे, बसून जग दिसतंय. अशी मुलं पक्की बैठक मारतात आणि मग काही जण बुडावर सरकत पुढे जायला शिकतात. बुडावर सरकणारी मुलं चालायलाही उशीर करतात, कधी दीड वर्षाच्या पुढे, आणि बऱ्याचदा बाबा नाहीतर काका पण तसेच सरकायचे असं आजीकडून कळतं.

त्यात तुमची मुलगी कमी दिवसांची. शेवटचे आठवडे पोटात जागा कमी असते, पूर्ण दिवसांचं बाळ हातपाय दुमडून बाहेर येतं, कमी दिवसांच्या बाळाला तो दुमडून राहण्याचा काळ कमी मिळतो, म्हणून अशी मुलं जरा ताठ, मागे कमान टाकणारी असू शकतात. त्यांना पालथं आवडत नाही आणि उभं धरलं की पाय ताठ करून मस्त उभी राहतात. घरचे खूश होतात, पायात काय जोर आहे बघा! तो जोर नसतो, ताठरपणा असतो, म्हणून सारखं सारखं उभं धरू नका.

मग करायचं काय. पोटावर रडते तर थेट जमिनीवर नको, तुम्ही मागे टेकून बसा आणि तिला छातीवर पालथी घ्या, तोंडासमोर तोंड, गाणं म्हणा, बोला. दोन मिनिटं झाली तरी चालेल, दिवसातून बरेचदा. मग जमिनीवर गोधडी, छातीखाली टॉवेलची गुंडाळी, हात गुंडाळीच्या पुढे, आणि तुम्ही स्वतः समोर पालथ्या पडा, बाबांनाही पाडा. लंगोट बदलताना सरळ पाय उचलून घेण्याऐवजी कुशीवर वळवून बदला, कडेवर घेताना खालून उचलायच्या आधी एका कुशीवर वळवून उचला, दिवसातून दहा-पंधरा वेळा हे आपोआप होतं आणि वेगळा व्यायाम करावा लागत नाही. बसलेली असताना खेळणी समोर नाही, बाजूला आणि जरा मागे, हात पुरेल त्याच्या वीतभर पलीकडे. ती वळेल, एक हात टेकेल, बूड उचलेल, हीच रांगण्याची पूर्वतयारी. तुम्ही पाय लांब करून बसा, तिला तुमच्या मांडीवर आडवी पोटावर घ्या, गुडघे एका बाजूला जमिनीवर, तळहात दुसऱ्या बाजूला, आणि पलीकडे वाटी-चमचा ठेवा. महागडी खेळणी लागत नाहीत, स्टीलची वाटी कुठल्याही इम्पोर्टेड खेळण्याला हरवते. फरशी गुळगुळीत असेल तर गोधडी सरकते, खाली चटई घाला. मोजे काढा, गुडघे आणि तळपाय उघडे ठेवा, कापडावरून घसरणारं बाळ चार वेळा तोंडावर पडलं की पाचव्यांदा प्रयत्न करत नाही.

रांगण्याबद्दल एक वाद चालू असतो तोही सांगून टाकते. 2022 साली अमेरिकेतल्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने त्यांच्या मैलाच्या टप्प्यांच्या यादीतून रांगणं काढून टाकलं, कारण सगळी मुलं रांगत नाहीत आणि कुठल्या रांगण्याला रांगणं म्हणायचं हेही ठरत नाही, कुणी पोटावर सरपटतं, कुणी एक गुडघा आणि एक पाय, कुणी अस्वलासारखं हातापायांवर. फिजिओ मंडळींत त्यावर बरीच आरडाओरड झाली. माझं मत मधलं आहे. न रांगता चालणारं बाळ पुढे अभ्यासात कच्चं राहतं, अक्षर खराब होतं वगैरे जे ग्रुपवर फिरतं त्याला मी भीक घालत नाही. पण रांगताना खांदे, तळहात, पाठ, कंबर यांना जे काम मिळतं ते दुसऱ्या कशातून इतकं फुकट मिळत नाही, म्हणून संधी द्यायची आणि नाही रांगलं तर रडत बसायचं नाही. तुमच्या मुलीकडे अजून भरपूर वेळ आहे.

आता सासूबाईंचा वॉकर. त्यांना सरळ नाही म्हणू नका, त्यांच्या डोळ्यासमोर बहुतेक पांगुळगाडा असणार आणि दोन्ही एकच वाटत असणार. गोल वॉकरमध्ये बाळ मधल्या सीटवर लटकतं, वजन बुडावर असतं, पाय चवड्यांवर ढकलत असतात, स्वतःचे पाय दिसत नाहीत आणि तोल सांभाळायची वेळच येत नाही, म्हणजे चालायला जे लागतं त्यातलं काहीच होत नाही. अशी मुलं लवकर चालतात हा समज आहे, अभ्यासांत काही ठिकाणी उलट उशीरच दिसलाय. आणि वेग! अमेरिकेत 1990 ते 2014 या काळात वॉकरमुळे सव्वादोन लाखांहून जास्त बाळांना इमर्जन्सीत न्यावं लागलं, बहुतेक जिन्यावरून पडून, डोक्याला मार लागून. कॅनडाने 2004 मध्ये विक्रीवर बंदीच घातली. आपल्याकडे अजून बारशाला भेट म्हणून येतो, त्यावर पियानो वाजतो. आला असेल तर चाकं काढून टाका नाहीतर माळ्यावर टाका.

पांगुळगाडा वेगळा. तो लाकडी तीन चाकी, बाळ मागे उभं राहून दांडी धरून ढकलतं, वजन स्वतःच्या पायांवर, तोल स्वतःचा. जे बाळ आपणहून धरून उभं राहतं आणि पलंगाच्या कडेने दोन-चार पावलं टाकतं त्याला द्यायला माझी हरकत नाही, कुणीतरी बरोबर हवं. जुन्या घरांत शेणाने सारवलेल्या जमिनीवर तो हळू चालायचा, टाईल्सवर मात्र पळतो आणि बाळ मागे लोंबकळतं, म्हणून त्यावर दोन-तीन किलोचं काहीतरी बांधून जड करा किंवा सतरंजीवर चालवा. तुमच्या मुलीला अजून नाही, तीन-चार महिन्यांनी बघू.

मालिशीबद्दल विचारलंय म्हणून. हलक्या हाताने, बाळ मजेत असताना, रोज केलीत तर उत्तम, स्पर्श मिळतो, झोप लागते. पण मालिशीने हाडं बळकट होत नाहीत आणि बाळ लवकर चालत नाही. पाय धरून उलटं लटकवणं, हवेत उडवणं, सांधे कटकन वाजवणं, नाकाकानात तेल सोडणं हे बंद, मावशी कितीही अनुभवी असल्या तरी. लहान असताना पाय सरळ करून दुपट्यात घट्ट बांधून ठेवणंही नको, खुब्याच्या सांध्याला ते वाईट, पाय वाकून फाकलेले राहतील इतकं सैल हवं. याउलट मान धरल्यावर कडेवर घ्यायची आपली पद्धत, कमरेच्या दोन बाजूंना दोन पाय टाकून, ती खुब्यांसाठी एकदम छान. डॉक्टरांनी दिलेले डी व्हिटॅमिनचे थेंब, साधारण दिवसाला 400 युनिट, वर्षभर चालू ठेवायचे असतात आणि कमी दिवसांच्या बाळाला लोहाचे पण, बरेच जण सहा महिन्यांनी आपोआप बंद करतात. रक्त कमी असलेलं बाळ मलूल असतं, हलायला कंटाळतं, आणि मग आम्ही व्यायाम घेत बसतो.

पुढच्या टप्प्याचं थोडक्यात. धरून उभं राहायला लागली की पहिले काही दिवस खाली बसता येणार नाही, उभी राहून रडेल, गुडघे वाकवून बूड टेकवायला शिकवा. आठ-नऊ महिन्यांत पुढे पडताना हात समोर टेकवण्याची क्रिया येते, ती आली का बघा. आणि एक गमतीची पण धोक्याची गोष्ट, न्यूयॉर्क विद्यापीठातल्या संशोधक कॅरन अॅडॉल्फ यांनी बाळांना उतारावर सोडून बघितलं, रांगण्यात मुरलेली बाळं तीव्र उतार आला की थांबायची, तीच बाळं चालायला लागली की त्याच उतारावर बेधडक पाऊल टाकून पडायची. म्हणजे प्रत्येक स्थितीत तोल पुन्हा पहिल्यापासून शिकावा लागतो. रांगताना उंबऱ्याशी थांबते म्हणून चालताना थांबेल असं धरू नका, जिन्याला फाटक लावा. त्यांनीच मोजलंय की एक ते दीड वर्षाची मुलं मोकळी खेळताना तासाला सरासरी 2368 पावलं टाकतात आणि 17 वेळा पडतात. दर पडण्याला "अगं बाई" म्हणून धावलात तर तुम्हीच दमाल. घरात अनवाणी चालू द्या, पीं पीं वाजणारे बूट फोटोपुरते.

आता खरंच कधी दाखवायचं, इथे महिने करेक्टेड धरा. चार महिने झाले तरी मान सावरत नाही. तीन-चार महिन्यांनंतरही मुठी सतत आवळलेल्या, अंगठा आत. अंग फार ताठ, लंगोट बदलताना मांड्या उघडत नाहीत, उभं धरलं की पाय कात्रीसारखे एकमेकांवर. किंवा उलट, अगदी सैल, उचललं की हातातून निसटेल असं. नऊ महिने पूर्ण झाले तरी आधाराशिवाय बसत नाही. दीड वर्षाला चालत नाही. एक वर्षाच्या आत एकच हात वापरतं, हे लोक कौतुकाने सांगतात, आमचं बाळ डावखुरं आहे म्हणून, पण या वयात हात ठरत नसतो, दुसरा हात कमी चालतोय का ते बघावं लागतं. रांगताना एक पाय ओढला जातो. आणि सगळ्यात महत्त्वाचं, जमत असलेली गोष्ट जमेनाशी झाली, तर त्याच आठवड्यात जा. उशीर एकवेळ चालतो, मागे जाणं चालत नाही. "मुलगे उशिरा चालतात", "आमच्याकडे सगळेच उशिरा" या वाक्यांवर सहा महिने घालवू नका, लहान मेंदूला वळण लावायला हेच महिने सगळ्यात सोपे असतात.

तुमच्या लिहिण्यात मला यातलं काही दिसलं नाही. पण कमी दिवसांचं बाळ, त्यात काही दिवस एनआयसीयूमध्ये, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, होतं असंही तुम्ही लिहिलंय, म्हणून एकदा प्रत्यक्ष तपासणी व्हावी असं मी म्हणेन, काही वाईट दिसतंय म्हणून नाही तर अशा प्रत्येक बाळाची व्हायला हवी म्हणून. तुमच्या डॉक्टरांकडे डेव्हलपमेंटल असेसमेंट सांगा. आपल्याकडे डासी नावाची चाचणी वापरतात, बडोद्यात प्रमिला फाटक यांनी भारतीय मुलांवर जे निकष बसवले त्यातून ती आलीय, त्यामुळे परदेशी मापं लावली अशी शंका नको. खाजगीत परवडत नसेल तर सरकारच्या बालस्वास्थ्य कार्यक्रमात, 2013 पासून चालू आहे, जिल्ह्याच्या ठिकाणी डीईआयसी म्हणजे जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रं आहेत, तिथे फिजिओ, कान, डोळे सगळं एका जागी मोफत होतं. अंगणवाडी ताई किंवा आशा ताईंना विचारलंत तरी पाठवतील.

नऊ महिने पूर्ण झाल्यावर गोवर-रुबेलाच्या लसीला जाणारच आहात, तेव्हाच हे उरकून घ्या, वेगळी फेरी नको. जाताना मोबाईलवर व्हिडिओ काढून न्या, दवाखान्यात मुलं रडतात आणि काहीच करून दाखवत नाहीत. पोट भरलेलं, झोप झालेली, अंगात फक्त लंगोट आणि झबलं, खाली गोधडी. एक मिनिट पाठीवर, एक मिनिट पोटावर, एक बसलेली असताना बाजूचं खेळणं उचलताना, आणि एक तुम्ही काखेत धरून उभी केलेली, त्यात पाय तळव्यापर्यंत पूर्ण दिसले पाहिजेत. समोरून कुणी टाळ्या वाजवून बोलावलं तर चालेल, उभं धरण्याचा सोडून बाकी शूटिंगमध्ये मदतीला हात लावायचा नाही.